देव कोणाचे, असुर कोणाचे? एका जुन्या तक्त्याची तपासणी

मागच्या व्याख्यानात आपण ऋग्वेद आणि अवेस्ता या दोन ग्रंथांच्या भाषांमधलं नातं बघितलं होतं. व्याख्यान संपल्यावर बऱ्याच जणांनी जवळजवळ त्याच शब्दांत एकच गोष्ट विचारली. “म्हणजे आपले देव ते इराण्यांचे राक्षस, आणि आपले राक्षस ते त्यांचे देव, असंच ना?” आजचं व्याख्यान या ‘असंच ना’बद्दल आहे.

उत्तर आधीच सांगून टाकतो. शब्दांपुरतं ते बरंचसं असंच आहे. देवतांच्या बाबतीत ते बहुतांशी तसं नाही. आणि त्यावरून इतिहास रचायला गेलो, की आपण फसतो. आम्ही हे अनुभवावरून सांगतो आहोत, कारण आम्हीही कित्येक वर्षं वर्गात फळ्यावर दोन रकाने काढून हेच शिकवत होतो. डावीकडे भारत, उजवीकडे इराण. देव चांगले, दएव वाईट. असुर वाईट, अहुर चांगले. मुलांना असे तक्ते आवडतात आणि शिकवणाऱ्यालाही ते सोयीचे असतात.

एकदा मागच्या बाकावरून एका पारशी विद्यार्थिनीनं विचारलं, “सर, आमच्याकडे मेहेर आणि बेहराम यांना वंदन करतात. मेहेर म्हणजे तुमचा मित्र आणि बेहराम म्हणजे तुमचा वृत्रहन्, असं तुम्हीच मागच्या तासाला सांगितलंत. मग ते यातल्या कुठल्या रकान्यात लिहायचे?” आमच्या हातातला खडू हातातच राहिला. मित्र आणि वृत्रहन् हे दोघंही आपल्याकडे देव, आणि त्यांच्याकडेही पूज्य. दोन रकान्यांच्या त्या तक्त्यात त्यांना जागाच नव्हती. आजची ही तपासणी तिथून सुरू झाली.

आधी शब्द नीट बघू. संस्कृतमधला ‘स’ बऱ्याच ठिकाणी इराणी भाषांत ‘ह’ होतो. सप्त आणि हप्त, सोम आणि हओम, सिंधू आणि हिंदू. हे काही दूरचं नाही. आपण कर्जाचा ‘हप्ता’ भरतो, तो शब्द फारसीतून आला आणि मुळात त्याचा अर्थ आठवडा, म्हणजे सप्ताहाचाच तो भाऊ. ‘हजार’ हा सहस्राचा भाऊ. त्याच नियमानं ‘असुर’चा ‘अहुर’ होतो. ‘देव’चं अवेस्तातलं रूप ‘दएव’, प्राचीन पर्शियनमधलं ‘दइव’ आणि पुढच्या फारसीतलं ‘दीव’. या दीवचा अर्थ राक्षस, भूत. ज्याला दीवानं झपाटलं तो ‘दीवाना’. म्हणजे मराठीत आपण एखाद्याला ‘दिवाणा’ म्हणतो, तेव्हा त्या शब्दात ‘देव’ दडलेला असतो आणि तो इराणी अर्थानं, भूत म्हणून! देवघरातला देव आणि दिवाण्यातला देव, दोन्ही एकाच मराठी कोशात नांदतात. शब्दांची उलटापालट झाली आहे यात काहीच शंका नाही. प्रश्न आहे तो, ती कशी झाली, हा.

या प्रश्नाचं सर्वांत गाजलेलं उत्तर पुण्यात तयार झालं, हे फार जणांना ठाऊक नसतं. मार्टिन हाउग हा जर्मन पंडित 1859 साली पुण्याला आला आणि पूना कॉलेजात, म्हणजे ज्याचं पुढे डेक्कन कॉलेज झालं तिथे, संस्कृतच्या अध्यापनाचा प्रमुख झाला. इकडे श्रौतकर्म जाणणाऱ्या ब्राह्मणांकडून यज्ञविधी समजून घेणं आणि तिकडे पारशी दस्तुरांशी चर्चा करणं, असं दुहेरी भाग्य युरोपात बसलेल्या कुठल्याही अभ्यासकाला मिळालं नव्हतं. 1862 साली मुंबईत त्याचं पारशांच्या धर्मभाषेवरचं आणि ग्रंथांवरचं पुस्तक प्रसिद्ध झालं आणि पुढच्याच वर्षी ऐतरेय ब्राह्मणाची त्याची आवृत्ती निघाली. गाथा हा अवेस्ताचा सर्वांत जुना भाग असून तोच खुद्द जरथुश्त्राचा आहे, हे त्यानं भाषेच्या आधारावर मांडलं. हे त्याचं काम आजही टिकून आहे. आपण त्याच्यावर टीका करणार आहोत, म्हणून त्याचं हे ऋण आधी नोंदवतो.

हाउगचा सिद्धांत असा. भारतीय आणि इराणी आर्य एकेकाळी एकत्र होते. मग त्यांच्यात धर्मावरून मोठं भांडण झालं. शेती करून स्थिरावलेले एका बाजूला, भटके आणि लुटारू दुसऱ्या बाजूला. पहिल्यांनी अहुर धरला आणि देवांना शिव्या दिल्या, दुसऱ्यांनी देव धरले आणि असुरांना शिव्या दिल्या. आपल्या ब्राह्मणग्रंथांतली देवासुरयुद्धं म्हणजे त्याच भांडणाची आठवण. ऐकायला किती छान वाटतं बघा! एक कारण, एक घटना, आणि दोन धर्मांचा सगळा हिशेब चुकता. पण आता हा हिशेब ओळीओळीनं तपासू.

पहिली तपासणी ऋग्वेदाची. तिथे असुर म्हणजे राक्षस असता, तर हाउगचं म्हणणं पक्कं झालं असतं. पण ऋग्वेदात वरुण असुर आहे. मित्र आणि वरुण मिळून असुर आहेत. अग्नी, सविता, रुद्र, पर्जन्य यांनाही असुर म्हटलं आहे, आणि खुद्द इंद्रालासुद्धा. तिसऱ्या मंडलात एक अख्खं सूक्त आहे, पंचावन्नावं. त्यातल्या ऋचांच्या शेवटी देवांच्या असुरत्वाचा गौरव ध्रुपदासारखा परत परत येतो. देवांचं असुरत्व! पुराणं वाचून वाढलेल्या माणसाला हे शब्द धक्काच देतात. इथे असुर हे जातीचं नाव नाही, ती पदवी आहे. सामर्थ्यवान, स्वामी, प्रभू असा तिचा अर्थ. एखादा माणूस माणूसही असतो आणि पाटीलही असतो, तसा वरुण देवही आहे आणि असुरही आहे.

मग वाईट असुर कुठून आले? तेही ऋग्वेदात आहेत, पण थोड्या जागी, आणि उत्तरकालीन समजल्या जाणाऱ्या दहाव्या मंडलात अधिक ठळकपणे. एका ठिकाणी तर शत्रू असुरांना ‘अदेव’ असं विशेषण लावलं आहे. यातली मेख लक्षात घ्या. असुर म्हणजेच देवविरोधी असा अर्थ ठरून गेला असता, तर ‘अदेव’ वेगळं सांगायची गरज पडली नसती. डब्ल्यू. ई. हेल यांनी 1986 साली या एका शब्दावर पूर्ण पुस्तक लिहिलं. आरंभी हा शब्द देवतांच्या एखाद्या स्वतंत्र गटाचं नाव नव्हता, तर स्वामी या अर्थानं तो देवांना आणि माणसांनाही लावला जात होता, हे त्यांनी दाखवलं. शत्रूंचेही स्वामी असतातच की. ‘त्यांचे असुर’, ‘त्यांचे असुर’ असं म्हणता म्हणता शब्दाचा रंग बदलत गेला.

ब्राह्मणग्रंथांपर्यंत आलो की असुर हा देवांचा ठरलेला प्रतिपक्ष झालेला दिसतो. त्यानंतर भाषेनं आणखी एक गंमत केली. ‘असुर’ हा शब्द लोकांनी ‘अ’ आणि ‘सुर’ असा फोडला. जे सुर नाहीत ते असुर, म्हणून सुर म्हणजे देव. मुळात हा ‘सुर’ ऋग्वेदात नाहीच, तो चुकीच्या फोडीतून जन्माला आला आहे. वाल्मीकिरामायणाच्या बालकांडात तर समुद्रमंथनातून निघालेली सुरा ज्यांनी स्वीकारली ते सुर आणि ज्यांनी नाकारली ते असुर, अशी व्युत्पत्ती आहे. म्हणजे या हिशेबानं दारूबंदीवाले असुर ठरतात! हसण्यावारी नेऊ नका. अर्थ हरवलेल्या शब्दाला समाज नवा अर्थ कसा शोधून देतो, त्याचं हे उत्तम उदाहरण आहे.

दुसरी तपासणी अवेस्ताची. इथे दएव खरोखरच निंद्य आहेत. अगदी गाथांपासून आहेत. ‘वेन्दीदाद’ या ग्रंथाच्या नावाचा मूळ अर्थच दएवांविरुद्धचा नियम असा होतो. पण गाथांत एकाही दएवाचं नाव घेतलेलं नाही. इंद्र नाही, कोणीच नाही. इंद्र, सउर्व म्हणजे शर्व, आणि नाओङ्हइथ्य म्हणजे नासत्य, ही तीन नावं दएव म्हणून येतात ती वेन्दीदादमध्ये, म्हणजे अवेस्ताच्या उत्तरकालीन भागात. भारतातल्या देवांशी भांडण करून जरथुश्त्र उठला असता, तर त्यानं इंद्राचं नाव घेऊन खडसावलं नसतं का?

तिकडचे चांगले बघा. आपण समजतो की दएवांच्या समोर ‘अहुरां’ची फौज उभी असेल. तशी ती नाही. अहुर ही पदवी अहुर मज्दाला आहे, मिथ्राला आहे, अपाम् नपात्‌ला आहे. आणखी फार कोणाला नाही. पूज्य शक्तींना तिथे म्हणतात ‘यजत’, म्हणजे आपल्या ‘यज्’ धातूतलाच शब्द, यजन करण्याजोगे. तेव्हा अहुर विरुद्ध दएव असे दोन तट इराणात नाहीतच. पूज्य यजत आहेत, निंद्य दएव आहेत, आणि अहुर हा मान आहे. आमच्या फळ्यावरचा उजवा रकाना इथेच पुसला गेला.

तिसरी तपासणी नावांची, म्हणजे त्या विद्यार्थिनीची. भांडणानं सगळं उलटं झालं असेल, तर आपल्या पूज्य नावांची तिकडे निंद्य नावं व्हायला हवीत. मोजून बघू. मित्र तिकडे मिथ्र, पूज्य. अर्यमा तिकडे अइर्यमन, पूज्य. सोम तिकडे हओम, पूज्य; त्याचा रस आजही यस्न विधीत काढतात. अपाम् नपात् दोन्हीकडे त्याच नावानं पूज्य. नराशंस तिकडे नइर्योसंह. विवस्वानाचा पुत्र यम तिकडे वीवङ्हन्ताचा पुत्र यिम, पहिल्या सुवर्णकाळाचा राजा. आपला भग ही आदित्यांमधली एक देवता, तर हखामनी राजांच्या शिलालेखांत ‘बग’ म्हणजे सरळ देव. आणि वृत्रहन् हे आपल्याकडे मुख्यतः इंद्राचं बिरुद, ते तिकडे ‘वॅरॅथ्रघ्न’ नावाचं विजयाचं यजत. त्याचाच पुढे बेहराम झाला, आणि पारशांच्या सर्वोच्च दर्जाच्या अग्नीला आतश बेहराम म्हणतात. मुंबईत असे चार आहेत. म्हणजे इंद्र हे नाव दएवांत गेलं, पण त्याचं बिरुद देवळात राहिलं. एकूण उलटलेली ठळक नावं तीन, तीही उशिराची. न उलटलेली त्याहून पुष्कळ. दुसऱ्या बाजूनंही तेच. आपल्या शंबर, नमुची, पिप्रू या शत्रूंमधलं एकही नाव इराणी पूज्यांच्या यादीत नाही. इराण्यांच्या देवाला आपण राक्षस केलं, असं एकही ठोस उदाहरण हाती लागत नाही. सर्वांत मोठा असुर वरुण, तो तर आपल्याकडे देवच राहिला.

चौथी तपासणी काळाची. तुर्कस्तानात बोगाझक्योई इथे हित्ती राज्याची मातीच्या विटांवरची दफ्तरं सापडली. त्यांत हित्ती आणि मितन्नी राजांमधला इसवी सनपूर्व चौदाव्या शतकातला एक तह आहे. तहाच्या साक्षीदार देवतांमध्ये मित्र, वरुण, इंद्र आणि नासत्य ही नावं येतात. हाउगच्या हयातीत हा पुरावा उपलब्ध नव्हता, म्हणून त्याला दोष देता येणार नाही. पण आपल्याला तो ठाऊक आहे. मित्र आणि वरुण हे ‘असुर’, इंद्र आणि नासत्य हे पुढे ‘दएव’ ठरलेले. इथे चौघांचीही साक्ष एकाच करारावर निघते. आणि भारतात असुर शब्द पुरता बिघडतो तो वैदिक काळाच्या उत्तरार्धात, दोन्ही समाज वेगवेगळ्या भूमीत रुळल्यानंतर. तेव्हा झालं काय, तर एकाच भांडणात दोन्ही शब्द उलटले असं दिसत नाही. इराणात ‘देव’ बिघडला, भारतात ‘असुर’ बिघडला. दोन घरांत, दोन वेळी, दोन कारणांनी. हाउगनंतर थोड्याच वर्षांत दार्मस्तेतर या फ्रेंच विद्वानानंही धार्मिक फुटीची कल्पना नाकारली होती. पण तक्ता मात्र तसाच राहिला.

मग इराणात देव का बिघडला? गाथांमधून जे दिसतं ते असं. जरथुश्त्राचा राग आहे तो क्रौर्यावर, गाईगुरांच्या छळावर, जुलमी सत्ताधाऱ्यांवर आणि त्यांच्यासाठी विधी करणाऱ्या पुरोहितांवर. त्याचे प्रतिपक्षी परकीय नाहीत, ते त्याच्याच समाजातले आहेत. पुढे क्षयार्षा, म्हणजे ग्रीकांचा झर्क्सीस, आपल्या शिलालेखात दइवांची पूजा होत होती तिथे ती बंद केल्याचं सांगतो. तो लेख पर्सेपोलिसला 1935 साली सापडला. तिथेही रोख आहे तो राज्यातल्या बंडखोरांवर, सिंधूपलीकडच्या कुणा वैदिकावर नाही. आणि गाथांत दएव वाईट का? ते वाईट जातीत जन्मले म्हणून नाही. विचार करायची वेळ आली तेव्हा भ्रमात पडून त्यांनी चुकीचं निवडलं, म्हणून.

आता शतपथ ब्राह्मणातली एक कथा ऐका. देव आणि असुर दोघंही प्रजापतीची मुलं. बापाकडून दोघांना वारसा मिळाला तो वाणीचा, सत्याचा आणि असत्याचा. आरंभी दोघंही खरं बोलत आणि दोघंही खोटं बोलत, म्हणून दोघं सारखेच होते. मग देवांनी असत्य टाकलं आणि सत्य धरलं. असुरांनी सत्य टाकलं आणि असत्य धरलं. खरं बोलणारे देव आधी दुबळे आणि दरिद्री झाले, खोटं बोलणारे असुर भरभराटीला आले, पण अखेर टिकले ते देव. दोन्ही परंपरांचं एकमेकींशी खरं नातं आम्हाला इथे दिसतं. तिकडे निवड, इकडेही निवड. हाउगला इथे दोन जमातींच्या युद्धाची आठवण दिसली. कथा मात्र सख्ख्या भावांची आहे. बृहदारण्यकात देव, माणसं आणि असुर एकाच गुरूजवळ, बापाजवळच, विद्यार्थी म्हणून राहतात, आणि शंकराचार्य त्यावरच्या भाष्यात म्हणतात की हे देव आणि असुर माणसांतच शोधावेत.

आम्हाला एक आक्षेप नेहमी घेतला जातो, त्याचंही उत्तर देतो. “पण अवेस्तात दएवांच्या अवयवांना वेगळे शब्द आहेत आणि ते संस्कृतसारखे आहेत, हा पुरावा नाही का?” खरं आहे, असे जोडशब्द आहेत. दएवाच्या कानाला ‘करॅन’ म्हणतात, म्हणजे आपला कर्ण. चांगल्याच्या कानाला ‘गओष’. दएवाचा डोळा ‘अषि’, म्हणजे आपला अक्षि. इथवर आलं की लोक टाळ्या वाजवतात. पण हाताकडे बघा. चांगल्याचा हात ‘जस्त’, म्हणजे आपला हस्त, आणि दएवाचा हात मात्र वेगळाच, ‘गव’. तेव्हा ही संस्कृतची निंदा नाही. आपण ‘जेवणे’ म्हणतो आणि राग आला की ‘गिळणे’ म्हणतो, तसा हा प्रकार आहे. सोयीचे दोन शब्द उचलायचे आणि गैरसोयीचा तिसरा सोडून द्यायचा, ही अभ्यासाची रीत नव्हे.

शेवटी, या सगळ्याचं आज काय? आज बरंच काही आहे. 1862 साली पारशी समाज मिशनऱ्यांच्या टीकेला तोंड देत होता, आणि आपला धर्म मुळात एकेश्वरी असून बहुदेवपूजेविरुद्धच उभा राहिला, हे सांगणारा सिद्धांत त्यातल्या अनेकांना आधाराचा वाटला. त्यात गैर काही नाही. 1873 साली जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’त बळीला आपला राजा मानून देवासुरकथा उलटी वाचली, तिच्यामागची वेदना खरी होती, आणि बळीचं राज्य येवो म्हणून ओवाळणाऱ्या मराठी घरांना ती परकी वाटली नाही. पण प्रत्येक वेळी एक गोष्ट घडते. देव आणि असुर ही हाडामांसाच्या दोन जमातींची नावं होतात. मग असुर कधी इराणी ठरतात, कधी अश्शूरचे लोक ठरतात, कधी इथले मूलनिवासी ठरतात. रकाना तोच, फक्त नाव बदलतं. रूपक म्हणून कुणी असं वाचलं तर तो त्याचा हक्क आहे. इतिहास म्हणून सांगायचं, तर पुरावा द्यावा लागेल, आणि तो आम्हाला दिसत नाही. एकदा का असुर ही जात ठरली, की आपण देव असल्याची खात्री आपसूक मिळते. मग सत्य धरलं की असत्य, हे कुणी विचारतच नाही. शतपथातली कथा मात्र नेमकं तेच विचारते.

त्या विद्यार्थिनीला आम्ही त्या दिवशी उत्तर देऊ शकलो नाही. पुढच्या तासाला फळ्यावर मधली रेघ काढली नाही, एवढं मात्र केलं. एकाखाली एक शब्द लिहिले आणि प्रत्येकापुढे तो कुठे, केव्हा, कोणासाठी वापरला आहे ते लिहिलं. तक्ता फार गबाळा दिसला. मुलांनी तो उतरवून घ्यायला पाऊण तास लावला.

पुढच्या व्याख्यानात ऋत आणि अष या जोडीकडे वळू. वेन्दीदादमधला इंद्र पुढे पहलवी ग्रंथांत नेमका या अषाचाच, म्हणजे आपल्या ऋताचा, वैरी म्हणून उभा केला आहे. ते कसं झालं, हे त्यात बघू.